पाच खुर्च्यांतली एक तुमची: आरपीजी कॉनला पहिल्यांदा जाताना

घरी मित्रांबरोबर वर्षभर रोलप्लेइंग गेम (आरपीजी: एकेक पात्र होऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ) खेळलेला माणूसही खेळाडूंच्या मेळाव्याच्या, कन्व्हेन्शनच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'कॉन'च्या, पहिल्या दिवशी गांगरतो. घरच्या टेबलावर सगळे ओळखीचे असतात. खेळ रंगला तर रात्री उशिरापर्यंत चालतो, नाही रंगला तर पुढच्या आठवड्यावर जातो. कॉनमध्ये समोर चार अनोळखी माणसं, एक अनोळखी गेम मास्टर (गोष्ट चालवणारा) आणि हातात मोजके चार तास. त्या चार तासांत ओळख, कथा, संकट, शेवट सगळं बसवायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन दिवसांत सात खेळ नोंदवले होते. त्यातले दोनच मला नीट आठवतात. बाकीच्या पाचांत मी थकलेली, उशिरा पोचलेली किंवा चुकीच्या टेबलावर बसलेली होते. पुढे मी स्वतः कॉनमध्ये खेळ चालवायला लागले आणि टेबलाची दुसरी बाजूही पाहिली. दोन्हीकडून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. कॉनमध्ये काय चालतं ते आधी समजून घ्या

अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा गावात १९६८ मध्ये युद्धखेळांच्या हौशी लोकांचा एक मेळावा भरला. तोच जेन कॉन. तो भरवणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पहिला रोलप्लेइंग गेम प्रसिद्ध केला. म्हणजे कॉन हे आपल्या खेळाहूनही जुनं आहे. आज जेन कॉनला ७०,००० हून जास्त माणसं येतात, तर काही छोट्या कॉनमध्ये एका सभागृहात सहा-सात टेबलं मांडलेली असतात. आकार कितीही असला तरी आतली रचना साधारण सारखीच असते: ठरलेल्या वेळेचे खेळ, विक्रीचं दालन, एखाद-दुसरं चर्चासत्र आणि कोणीही बसून खेळावं अशी मोकळी टेबलं.

पहिल्यांदा जात असाल तर लहान कॉनपासून सुरुवात करा असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे आयोजक तुम्हाला नावाने ओळखायला लागतात, आणि दुपारी ज्याच्याबरोबर खेळलात तोच संध्याकाळी पाण्याच्या रांगेत भेटतो.

२. बॅज वेगळा, खेळाचं तिकीट वेगळं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बॅज म्हणजे आत जायचा परवाना. बॅज मिळाला म्हणजे खेळात जागा मिळाली असं नाही. बहुतेक मोठ्या कॉनमध्ये प्रत्येक खेळाची नोंदणी वेगळी असते आणि ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उघडते. गाजलेले खेळ काही मिनिटांत भरतात.

काही ठिकाणी आधी पसंतीची यादी बनवावी लागते. नोंदणी उघडली की ती यादी तुम्ही लावलेल्या क्रमाने तपासली जाते. अशा वेळी एकाच स्लॉटसाठी (ठरलेल्या वेळेसाठी) दोन-तीन पर्याय एकाखाली एक लावा आणि अगदी हवा असलेला एकच खेळ सगळ्यात वर ठेवा. मित्रांसोबत जात असाल तर सगळ्यांना एकाच टेबलावर जागा मिळेल हे गृहीत धरू नका. दोघं-दोघं विभागून गेलात तर बहुधा जमतं.

बॅज घरी पाठवणार की दारावर घ्यायचा, हेही आधी बघा. दारावर घ्यायचा असेल तर पहिल्या सकाळी रांग लांब असते. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच घेऊन टाका.

३. खेळाचं वर्णन ओळीओळीने वाचा

यादीतलं आकर्षक नाव आणि दोन ओळींची कथा वाचून खेळ निवडू नका. खाली बारीक अक्षरात असतं तेच कामाचं असतं.

पहिली गोष्ट, प्रणाली (कोणत्या खेळाचे नियम) आणि आवृत्ती. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्यांचे नियम इतके वेगळे असू शकतात की तुमचं सगळं पाठांतर निरुपयोगी ठरतं. मी एकदा नुसतं खेळाचं नाव पाहून बसले, आणि टेबलावर कितीतरी जुनी आवृत्ती निघाली. खेळ चांगला होता, पण पहिला तास शिकण्यातच गेला.

दुसरी, अनुभवाची अट. 'नवख्यांचं स्वागत, नियम शिकवले जातील' असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त जा. 'नियम माहीत हवेत' असं असेल तर त्याचा अर्थ तोच घ्या. गेम मास्टरने गोष्ट त्या वेगाने आखलेली असते.

तिसरी, पात्र कोण आणणार. बहुतेक टेबलांवर तयार पात्रं मिळतात, त्यांना 'प्रीजेन' म्हणतात. पण ॲडव्हेंचरर्स लीग किंवा पाथफाइंडर सोसायटीसारख्या संघटित खेळांत तुमचंच पात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं आणि वाढत जातं. तिथे पात्राच्या पातळीची मर्यादा असते. उदाहरणार्थ, 'पातळी १ ते ४' असं लिहिलेलं असताना सातव्या पातळीचं पात्र घेऊन गेलात तर ते चालणार नाही. पाथफाइंडर सोसायटीसाठी आपला खेळाडू क्रमांकही काढावा लागतो. तो घरी बसून आधीच काढा.

चौथी, वयाची अट आणि आशयाची सूचना. भयकथेच्या टेबलावर रक्तपात असणार हे ठीक, पण काय आणि किती हे तिथे लिहिलेलं असतं. ते वाचून मन साशंक झालं तर दुसरा खेळ निवडा. टेबलावर जाऊन पाहू, असं ठेवू नका.

४. दिवसाला दोन खेळ, त्याहून जास्त नाही

नेहमीचा स्लॉट चार तासांचा असतो. तीन स्लॉट म्हणजे बारा तास सतत ऐकणं, बोलणं, विचार करणं, आणि तेही गोंगाटात. कागदावर ते सहज जमेलसं दिसतं. तिसऱ्या खेळात मात्र मेंदू ऐकलेलं वाक्य धरून ठेवत नाही.

दोन खेळांमध्ये निदान दीड तास मोकळा ठेवा. पहिला खेळ वीस मिनिटं लांबतो, दुसरं सभागृह दुसऱ्या टोकाला असतं, मध्ये जेवायचंही असतं. पाठोपाठ लावलेले स्लॉट म्हणजे दुसऱ्या टेबलावर उशीर ठरलेलाच. एक पूर्ण अर्धा दिवस रिकामा ठेवा. कॉनमधल्या माझ्या सगळ्यात जिवाभावाच्या ओळखी अशाच रिकाम्या दुपारी, मोकळ्या टेबलाजवळ उभी असताना 'एक जण कमी आहे, बसणार का?' या प्रश्नातून झाल्या.

५. पिशवीत काय हवं

- ओळखपत्र, बॅज किंवा त्याची पावती
- खेळांचं वेळापत्रक कागदावर, आणि फोनमध्ये त्याचा स्क्रीनशॉट. गर्दीत नेटवर्क जातं आणि ॲप उघडत नाही
- दोन पेन्सिली आणि खोडरबर. पात्राच्या कागदावर पेन वापरू नका, आकडे सतत बदलतात
- फाशांचा एक पूर्ण संच आणि सहा-आठ साधे सहा बाजूंचे फासे
- थोडे कोरे कागद
- पाण्याची बाटली, पटकन खाता येईल असं काही, नेहमीची औषधं
- अंगावर घ्यायला एखादं जाडसर कापड. एसीच्या सभागृहात चार तास बसून गारठायला होतं
- चार्जर आणि पॉवर बँक

नियमांची जाडजूड पुस्तकं घरी ठेवा. खांदे दुखतात आणि उघडायची वेळ येत नाही. पिशवी दिवसभर पाठीवर असणार आहे हे लक्षात ठेवून भरा.

६. नियम किती यायला हवेत

नवख्यांच्या टेबलावर जात असाल तर फार थोडे. पण फासे ओळखता आले पाहिजेत. नेहमीच्या संचात सात फासे असतात: चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, आणि सातवा ००, १०, २० असे दशक छापलेला दहा बाजूंचा. हा सातवा साध्या दहा बाजूंच्या फाशाबरोबर टाकला की १ ते १०० मधला आकडा मिळतो.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या: इथे मोठा आकडा चांगला की लहान? डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वीस आला की टेबल ओरडतं. कॉल ऑफ क्थुलूमध्ये आपल्या कौशल्याच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी आकडा यावा लागतो. तिथे ९८ पडला आणि तुम्ही आनंदाने हात वर केलेत तर तुमच्या संशोधकाचं, म्हणजे तिथल्या पात्राचं, काहीतरी वाईट होणार आहे. ब्लेड्स इन द डार्कमध्ये अनेक सहा बाजूंचे फासे एकदम टाकून त्यांतला सर्वांत मोठा बघतात. हे एवढं कळलं की उरलेलं गेम मास्टर खेळता खेळता सांगतो.

७. टेबलावर

वेळेआधी दहा मिनिटं पोचा. लवकर आलेल्याला पात्र निवडायला मिळतं, आणि गेम मास्टरशी दोन वाक्यं बोलायला मिळतात. त्या दोन वाक्यांत हे सांगा: 'मी कॉनमध्ये पहिल्यांदाच खेळतेय.' लाजू नका. मी टेबल चालवते तेव्हा हे वाक्य कानावर पडलं की मला बरं वाटतं, कारण कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते मला लगेच कळतं. ऐकायला त्रास होत असेल तर तेही सांगा आणि गेम मास्टरच्या शेजारची खुर्ची मागा. एका सभागृहात वीस टेबलं असली की पलीकडच्या टोकाचं काही ऐकू येत नाही. हीच गोष्ट तुम्ही आधी खेळलेली किंवा वाचलेली असेल तर तेही याच वेळी गेम मास्टरच्या कानावर घाला.

प्रीजेन निवडताना चित्रावर जाऊ नका. जादूगाराचा कागद बहुधा सगळ्यात लांब असतो. मंत्र वाचण्यातच तुमचा अर्धा खेळ जाईल. योद्धा, चोर, शिकारी यांत पहिल्या वेळी हात मोकळा राहतो. पात्र हातात आलं की तीन गोष्टी शोधा: याला सगळ्यात चांगलं काय येतं, याला काय हवं आहे, आणि टेबलावरच्या दुसऱ्या कोणत्या पात्राशी याचं नातं आहे.

ही तिसरी गोष्ट सोन्यासारखी. चांगला गेम मास्टर प्रीजेनच्या मागच्या बाजूला अशा ओळी लिहून ठेवतो: 'सेनापती तुझा भाऊ आहे हे त्याला माहीत नाही.' घरच्या लांबलचक मोहिमेत असं गुपित महिनोन्‌महिने पोटात ठेवता येतं. इथे हिशोब करा. चार तासांतली पंचवीस-तीस मिनिटं ओळख आणि नियमांत जातात, दहा मिनिटं मध्यंतर, शेवटची पंधरा मिनिटं आवराआवर. खरा खेळ तीन तासांचा. गुपित शेवटासाठी जपून ठेवलं तर ते तुमच्याबरोबर घरी जातं. अर्ध्या वाटेवरच ते फुटू द्या, म्हणजे बाकीच्यांना त्यावर काही करायला वेळ उरतो. माझ्या टेबलावर एका मुलीने दुसऱ्याच प्रसंगात आपलं गुपित सांगून टाकलं. मी आखलेला शेवट बाजूला पडला आणि त्या दिवशी जे घडलं ते आखलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

एका कागदाला घडी घालून त्याचा तंबू करा. त्यावर आपलं आणि पात्राचं नाव ठळक लिहून समोर ठेवा. अनोळखी माणसांची नावं कोणालाच लक्षात राहत नाहीत, पण नावाने हाक मारली की खेळाला जीव येतो.

गोष्टीने हाक दिली की जा. म्हातारीने सांगितलं की डोंगरात काहीतरी आहे, तर तुमच्या पात्राला डोंगरात जायचं आहे. 'माझं पात्र असं करणार नाही' म्हणत सरायखान्यात बसून राहिलात तर पाच जणांची वीस मिनिटं तुमची समजूत काढण्यात जातात. पात्र हट्टी असेल तर हट्टाने डोंगर चढणारं करा.

लढाईत आपल्या आधीच्या खेळाडूचा टर्न चालू असतानाच आपलं ठरवून ठेवा. टर्न आल्यावर कागद वाचायला सुरुवात करू नका. सुचत नसेल तर एक सोपी गोष्ट करा आणि पुढे सरका.

नियमावरून गेम मास्टर चुकला असं वाटलं तर एकदा, शांतपणे सांगा. त्याने निर्णय दिला की विषय संपला. घरी असा वाद रंगतो, इथे तो दुसऱ्याच्या वेळेतून रंगतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकीच्यांना जागा द्या. अर्धा तास कोणी बोललंच नाही असं दिसलं तर आपल्या पात्राकडून त्याच्या पात्राला प्रश्न विचारा: 'तू या जंगलात वाढलीस ना, ही खूण ओळखतेस का?' असं विचारणारा एक खेळाडू टेबलावर असला की गेम मास्टरचं अर्धं काम होतं. फोन पिशवीत ठेवा. दुसऱ्याच्या फाशांना विचारल्याशिवाय हात लावू नका. अनेकांच्या त्यात भावना गुंतलेल्या असतात आणि त्या खऱ्या असतात.

८. एक्स-कार्ड आणि उघडं दार

टेबलाच्या मध्यभागी मोठी फुली काढलेलं एक कार्ड दिसेल. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी तयार केलेलं हे साधन आज पुष्कळ कॉनमध्ये वापरतात. गोष्टीत असं काही आलं की जे तुम्हाला सोसवत नाही, तर त्या कार्डाला हात लावा किंवा ते उचला. तो भाग तिथेच वगळून खेळ पुढे जातो. कारण सांगावं लागत नाही, कोणी विचारतही नाही.

सुरुवातीला गेम मास्टर 'रेषा आणि पडदे' विचारेल. रेषा म्हणजे जे गोष्टीत येणारच नाही. पडदा म्हणजे जे घडेल, पण पडद्याआड, वर्णनाशिवाय. त्या वेळी सगळे गप्प बसले तरी तुम्हाला सांगायचं असेल ते सांगा. पहिलं माणूस बोललं की दुसऱ्यालाही बोलता येतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

'उघडं दार' म्हणजे कधीही उठून जायची मुभा. टेबलावरचं वागणं खटकलं, कोणी अंगचटीला आलं, तर उठा आणि थेट स्वयंसेवकाला किंवा मदतकक्षाला गाठा. कॉनची आचारसंहिता आणि तक्रारीचा क्रमांक आधीच फोनमध्ये साठवून ठेवा.

९. यायला जमणार नसेल तर

टेबलाला पाच खुर्च्या असतात. तुम्ही एक नोंदवलीत म्हणजे ती दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. एका कॉनमध्ये माझ्या टेबलाचे पाचपैकी तीन खेळाडू आलेच नाहीत. दोघांसाठी तो खेळ चालण्यासारखा नव्हता. महिनाभर लिहिलेली गोष्ट मी पिशवीत परत भरली, आणि आलेले दोघं त्यांचा मोकळा वेळ कुठे घालवायचा हे शोधत निघून गेले. दारात मात्र त्या सकाळी जागा न मिळालेली माणसं उभी होती हे मला नंतर कळलं.

म्हणून, थकलात, बेत बदलला, काहीही झालं, तरी तिकीट परत करा. ॲपवर सोय असते, नाहीतर मदतकक्षावर सांगा. दोन तास आधी सांगितलंत तरी ती खुर्ची भरते.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. ज्या खेळात जागा मिळाली नाही तिथे वेळेआधी जाऊन उभं राहा आणि 'कोणी आलं नाही तर मी बसू का?' असं विचारा. काही कॉनमध्ये यासाठी कुठल्याही खेळाला चालणारी सुटी तिकिटं मिळतात, ती दोन-तीन घेऊन ठेवा. मी कितीतरी भरलेल्या खेळांत अशी बसले आहे. एकटे असाल तर हे आणखी सोपं, कारण एकच खुर्ची लागते.

१०. विक्रीचं दालन

पहिल्या दिवशी फक्त फिरा. काय घ्यायचं ते लिहून ठेवा आणि शेवटच्या दिवशी घ्या. घेतलेली पुस्तकं तीन दिवस वाहावी लागत नाहीत. अपवाद एकच: थोड्या प्रती असलेली, छोट्या प्रकाशकाची वस्तू मनापासून आवडली तर लगेच घ्या.

११. शरीराकडे बघा

कॉनच्या जगात एक जुना नियम आहे: रोज किमान पाच तास झोप, दोन वेळा नीट जेवण, एक अंघोळ. शेवटच्या मुद्द्याला हसू नका. दाटीवाटीने बसलेल्या टेबलावर त्याचं महत्त्व लगेच कळतं. मी स्वतः झोपेचा आकडा सातवर नेते. घसा जपा, पाणी पीत राहा, हात धुवा. हजारो लोकांनी हाताळलेले फासे आणि कार्डं हातात येतात, आणि कॉनहून परतल्यावर सर्दी-ताप येणं इतकं नेहमीचं आहे की त्याला वेगळं नावच पडलं आहे. अंगात कणकण वाटत असेल तर टेबलावर जाऊ नका आणि तिकीट परत करा.

१२. खेळ संपल्यावर

टेबल आवरायला हात लावा. प्रीजेनचे कागद, पेन्सिली, छोट्या बाहुल्या परत द्या. पुढचा गेम मास्टर दारात थांबलेला असतो. कागद ठेवून घ्यावासा वाटला तर विचारा, बहुतेक जण आनंदाने देतात.

गेम मास्टरला धन्यवाद देताना एक नेमकी गोष्ट सांगा. 'मस्त होतं' यापेक्षा 'पुलावरचा तो प्रसंग, तिथे मी खरंच घाबरले' हे त्याच्या कित्येक दिवस लक्षात राहतं. अभिप्रायाचा अर्ज असेल तर भरा. पुढच्या वर्षी कोणते खेळ ठेवायचे हे पुष्कळदा त्यावर ठरतं.

ज्यांच्याबरोबर पुन्हा खेळावंसं वाटलं त्यांना तिथेच, उठायच्या आधी, संपर्क विचारा. नंतर गर्दीत माणूस सापडत नाही. आणि त्याच रात्री, झोपायच्या आधी, प्रत्येक खेळाबद्दल दोन ओळी लिहून ठेवा: कोण होते, काय घडलं, तुमचं पात्र कोणत्या नावाने जगलं.

कॉन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी शक्य असेल तर सुट्टी घ्या.